जोडचाकाला टायर घेण्याआधी काट्याची पावती वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी सहा टायरी, २०१९ सालची, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. आरसीवर भरलेलं वजन १८,५०० किलो. सहाही टायर १०.०० आर २०, १६ पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीची पायरी), रेडियल, ट्यूबवाले. मुक्काम शाहूवाडी तालुक्यात. ऊस हंगामात फडातून कारखान्यावर खेपा, उरलेले महिने आंबा घाटातून खाली सिमेंट आणि परतीला लांजा-राजापूरकडचा चिरा, म्हणजे जांभा दगड. वर्षभरात मागचा डावीकडचा आतला टायर दोनदा फुटला, बाहेरचा दोन्ही वेळा शाबूत. आता मागचे चारही बदलायचे आहेत. नायलॉन (तिरक्या नायलॉन धाग्यांचा) घ्यावा की रेडियल (पोलादी तारांचा)? लग, म्हणजे खोल ठोकळेदार नक्षीचा, घ्यावा का? पीआर वाढवावा का? दोन नवे आणि दोन रिसोल केले, म्हणजे जुन्यांवर नवी नक्षी चढवून घेतली, तर चालेल का? सोबत चिरा भरलेल्या गाडीची वजनकाट्याची पावती जोडली आहे: एकूण १८,४२०, पुढचा ॲक्सल ६,१४०, मागचा १२,२८०.

भाऊ, तुम्ही ॲक्सलवार वजन करून आणलंत, त्यामुळे अर्धं उत्तर तुमच्याच हातात आहे. मी तीस वर्षं टायरच्या कामात आहे. कराडजवळ हायवेवरच्या दुकानात हवा मारणारा पोरगा म्हणून लागलो, पुढे स्वतःचं दुकान काढलं, आता काही वाहतूकदारांच्या गाड्यांचे टायर बघतो. दुकानात येणारा माणूस "कुठल्या कंपनीचा चांगला?" असं विचारतो. मागच्या ॲक्सलवर किती वजन येतं, हे त्याला माहीत नसतं. कंपनी नंतर बघू.

ज्यांनी असं वजन कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरलेली गाडी काट्यावर घेताना आधी फक्त पुढची चाकं चढवायची आणि तो आकडा लिहून घ्यायचा. मग पूर्ण गाडी चढवून एकूण वजन घ्यायचं. वजाबाकी केली की मागचा ॲक्सल मिळतो. गाडी सपाटीला हवी आणि काट्यावर ब्रेक दाबून ठेवायचा नाही. जास्तीची पाच मिनिटं लागतात, काटेवाल्याला आधी सांगितलं की तो थांबतो.

आता तुमच्या आकड्यांकडे या. एकूण १८,४२० म्हणजे आरसीच्या मर्यादेत ८० किलो कमीच. त्यामुळे गाडी अंडरलोड आहे असं तुम्ही धरून चाललात. पण कायद्यात एकूण वजनासारखीच प्रत्येक ॲक्सलची वेगळी मर्यादा असते. २०१८ साली केंद्र सरकारने ॲक्सलभार वाढवले, तेव्हा चार टायरच्या सिंगल ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली आणि दोन टायरच्या पुढच्या ॲक्सलची ६ टनांवरून ७ टन. तुमचा मागचा ॲक्सल १२,२८० आहे. म्हणजे ७८० किलो जास्त, आणि एकूण वजन नियमात असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

हा भार टायरवर कसा पडतो ते बघा. टायरच्या कुशीवर, म्हणजे साइडवॉलवर, साइजच्या पुढे १४६/१४३ के असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा जोडचाकात, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी असताना. हे किलो नव्हेत, ते तक्त्यातले क्रमांक आहेत. १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं, के म्हणजे ताशी ११० किलोमीटर. जोडीत आकडा कमी का? कारण जोडीतले दोन टायर भार कधीच बरोबर निम्मा-निम्मा वाटून घेत नाहीत. रस्ता कडेला उतरता असतो, हवेत थोडा फरक असतो, आतल्या टायरला वारा कमी लागतो. तेवढी सूट कंपनीने आधीच कापून ठेवलेली असते.

१० आर २० च्या १६ पीआर टायरवर बहुधा हेच १४६/१४३ असतं. आता गुणाकार करा. मागे चार टायर गुणिले २,७२५ म्हणजे १०,९०० किलो. पुढे दोन गुणिले ३,००० म्हणजे ६,००० किलो. हे आकडे ओळखीचे वाटतात का? पुढे ६ आणि मागे १०.२ टन ही २०१८ च्या आधीची मर्यादा होती. तुमच्या गाडीला १६.२ टनाच्या जमान्यातला टायर आहे आणि ती १८.५ टनाचं काम करते आहे. आधीच्या मालकाने बदलताना स्वस्तात मिळाले ते चढवले असणार. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा कोणता टायर होता, ते गाडीच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या.

तुमच्या पावतीनुसार मागच्या प्रत्येक टायरवर सरासरी ३,०७० किलो येतात. त्याची कुवत २,७२५. सरासरीच ३४५ किलो जास्त, आणि आतल्याच्या वाट्याला सरासरीहूनही जास्त येतं. कमी वेगाला टायर थोडा अधिक भार सोसतो अशी तक्त्यात सोय असते, खरं आहे. पण त्या सवलतीवर रोजचा धंदा उभा करू नका. घाट चढताना वेग कमी असतो, कोल्हापूरच्या सपाटीला लागल्यावर नसतो.

मग किती कुवतीचा घ्यायचा? मर्यादेवरून उलट हिशेब करा. मागे ११,५०० भागिले चार म्हणजे २,८७५ किलो. तक्त्यात १४५ म्हणजे २,९०० किलो. तेव्हा मागच्या टायरवर तिरक्या रेघेनंतरचा आकडा किमान १४५ हवा. पुढे ७,००० भागिले दोन म्हणजे ३,५००, आणि १५२ म्हणजे ३,५५० किलो. पूर्ण ७ टन पुढे टाकायचे असतील तर रेघेआधीचा आकडा १५२ हवा. मागे १४५, पुढे १५२. हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी कुशीवर ते वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

१० आर २० मध्येच १८ पीआर घेतला तर त्यावर सहसा १४९/१४६ असतं: एकट्याला ३,२५०, जोडीत ३,०००. मागे १२,००० किलोची कुवत झाली, ११,५०० ला पुरेशी. पण पुढे दोन्ही मिळून ६,५०० च. म्हणजे हा टायर सहाही चाकांना लावला तरी मागे ११,५०० आणि पुढे ६,५०० मिळून १८,००० किलोपर्यंतच निर्धास्त भरता येईल. पूर्ण १८.५ टन भरायचे असतील तर १५२/१४८ चा टायर लागतो. ट्यूबलेस २९५/८० आर २२.५ मध्ये तो सहज मिळतो: पुढे ७,१००, मागे १२,६००, दोन्हीकडे जागा उरते. मात्र त्याला रिमच वेगळा लागतो, २० इंची रिमवर तो बसत नाही. म्हणजे स्टेपनीसकट सातही रिम बदलायचे. नव्या ॲक्सलभारानंतर २० इंचीतच २९५/९० आर २० हा रेडियल आणि २९५/९५ डी २० हा नायलॉन असे साइज बाजारात आले आहेत. त्यांची कुवत कंपनी आणि पीआरनुसार बदलते, तेव्हा पुन्हा कुशीच वाचा. आणि टायर रुंद असल्याने तुमच्या रिमला आणि जोडीतल्या अंतराला चालतो का, हे गाडीच्या कंपनीच्या यादीत बघूनच घ्या.

पीआरबद्दल एक गैरसमज आहे. १८ पीआर म्हणजे आत अठरा थर असतात असं बरेच जण मानतात. ते जुन्या सुती टायरच्या काळातलं माप आहे, आता ती फक्त ताकदीची पायरी आहे. रेडियल ट्रक टायरच्या कुशीत पोलादी तारेचा एकच थर असतो. आणि वरच्या पायरीच्या टायरला हवाही वरचीच लागते. १६ पीआर ला थंड असताना साधारण १२० पौंड, १८ पीआर ला १३५ च्या आसपास, नेमका आकडा कुशीवर. १८ पीआर घेऊन त्यात ११० पौंड मारले तर वाढीव पैसे देऊन जुनाच टायर घेतल्यासारखं आहे. जुन्या रिमला हा दाब झेपतो का, तेही बघावं लागतं. गंजलेला, रिंगेची (टायरला रिमवर अडवणाऱ्या कड्याची) खाच झिजलेला रिम असेल तर तो आधी काढून टाका.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. आतलाच टायर का फुटतो?

एकटं चाक बसलं की गाडी ओढते, ड्रायव्हरला स्टिअरिंगमध्ये कळतं. जोडीतला एक टायर बसला तर काहीच कळत नाही, दुसरा त्याचा भार उचलतो. तुमच्या गाडीत एका बाजूला सहा टनांच्या वर वजन आहे. आतल्याची हवा ८० वर आली की बाहेरचा जास्त भार घेतो, आतला दबून-वाकून तापतो, आणि पन्नास-साठ किलोमीटर तसाच लोळत राहिला की त्याच्या कुशीतल्या तारा वाकून वाकून तुटतात. फुटतो तेव्हा सगळे म्हणतात टायर खराब निघाला. तो मेला होता हवा कमी झाली तेव्हाच.

आणि आतल्याचीच हवा कमी का राहते? कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत कुणाचा हात जात नाही. ढाब्यावर क्लीनर टॉमी (लोखंडी कांब) घेऊन फिरतो, चारी टायरना एकेक ठोका मारतो आणि आवाजावरून "हवा बरोबर" सांगतो. मी तीस वर्षं ते आवाज ऐकतोय. ठोक्यावरून पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, १२० चा ९५ झालेला मलाही ओळखता येत नाही. आणि धोका ९५ लाच सुरू होतो. हवा वीस टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे १२० ची ९६ झाली, की तो टायर पंक्चर समजायचा, हा आमच्या कामातला पक्का नियम आहे. १०० पौंडावर तुमच्या १६ पीआर टायरची जोडीतली कुवत सुमारे २,४०० किलोवर येते आणि तुम्ही त्यावर ३,०७० टाकताय. कुवत हवेची असते. रबर आणि तार फक्त त्या हवेला धरून ठेवतात.

त्यावर उपाय स्वस्त आहे. आतल्या टायरला व्हॉल्व्हचं एक्स्टेन्शन बसवा, चांगलं, क्लिपने डिस्कला घट्ट धरलेलं. ते हलत राहिलं तर मुळाशी चिरतं आणि त्यातूनच हवा जाते. चाक बसवताना आतल्याचा आणि बाहेरच्याचा व्हॉल्व्ह समोरासमोर, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर येऊ द्या, म्हणजे डिस्कच्या छिद्रातून हात जातो. धातूच्या टोप्या लावा. आणि हवा मोजायचा स्वतःचा काटा घ्या, जोडचाकाचा, दोन तोंडांचा. पहाटे गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, आठवड्यातून दोनदा सहाही टायर मोजून वहीत लिहा. जोडीतल्या दोघांत पाच पौंडांपेक्षा जास्त फरक दिसला तर त्याच दिवशी कारण शोधा. घाटाखाली तापलेल्या टायरमध्ये १४० दिसले म्हणून हवा सोडू नका. तापल्यावर हवा वाढतेच. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर कमी भरेल.

तुमच्या बाबतीत दुसरं कारणही मला दिसतं. तुम्ही घाट उतरता तो सिमेंट भरून. आंबा घाटाच्या उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला तर ड्रम भाजतो, आणि ड्रमच्या सगळ्यात जवळ कोण असतं? आतल्या चाकाचा रिम. ती धग रिममधून टायरच्या बीडला (रिमला धरणाऱ्या कडेला) आणि फ्लॅपला (ट्यूब आणि रिममधल्या रबरी पट्टीला) लागते. फुटलेले टायर अजून ठेवले असतील तर त्यांचा बीड बोटाने दाबून बघा. रबर कडक, तडकलेलं, निळसर-काळं झालं असेल, फ्लॅप बिस्किटासारखा मोडत असेल, तर ती ब्रेकची करामत आहे. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा, आणि साखरप्याला उतरून थांबलात की डाव्या-उजव्या ड्रमच्या उष्णतेत फरक आहे का ते हात लांब धरूनच बघायचं. फक्त डावाच टायर दोनदा गेलाय, म्हणून डाव्या ब्रेकचं लायनर अडकून राहत नाही ना, हे नवे टायर बसवण्याआधी गॅरेजमध्ये तपासून घ्या. ही तपासणी टाळली तर नवा टायरही त्याच जागी जाईल.

डावीकडची बाजू रस्त्याच्या उताराकडे असते, तिकडे वजन कलतं, आणि भरलेल्या वजनाने मागच्या ॲक्सलचं हाऊजिंग (कवच) मधोमध किंचित खाली वाकतं तेव्हा आतल्या टायरवर भार सरकतो. हे टाळता येत नाही, सांभाळून घेता येतं. म्हणूनच जोडीत व्यासाने लहान असलेला टायर आत आणि मोठा बाहेर, असा रिवाज आहे.

यातून जोडी जुळवण्याचा मुद्दा येतो आणि माझ्या मते टायर निवडण्यातलं हेच सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. जोडीतले दोन टायर एकाच नटांनी एकमेकांना बांधलेले असतात, दोघांना फेरे सारखेच घ्यावे लागतात. १० आर २० चा व्यास साधारण १,०५४ मिलिमीटर, घेर ३.३१ मीटर, म्हणजे किलोमीटरला ३०२ फेरे. एका टायरचा व्यास १२ मिलिमीटरने कमी असेल तर घेर ३८ मिलिमीटरने कमी होतो. ३०२ फेऱ्यांत साडेअकरा मीटरचा फरक पडतो. तेवढं अंतर कुणीतरी एकाने प्रत्येक किलोमीटरला रस्त्यावर घासत जायचं. शंभर किलोमीटरला एक किलोमीटरहून जास्त. ९.०० आणि त्याहून मोठ्या साइजला व्यासात १२ मिलिमीटर ही शेवटची हद्द मानतात, ८.२५ आणि लहानांना ६. माझा स्वतःचा आग्रह मोठ्या टायरलाही ६ चाच असतो.

मोजायचं कसं? टायर रिमवर चढवून पूर्ण हवा भरा, एक रात्र तसाच ठेवा, कारण रेडियल हवा भरल्यावर थोडा फुगून स्थिरावतो. सकाळी पोलादी टेपने नक्षीच्या मधोमध घेर मोजा आणि खडूने टायरवरच लिहा. चारही आकडे मांडले की जवळचे दोन-दोन जोडीला लावा. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी घ्या. कुशीवर चार अंकी आकडा असतो, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चौघांत काही आठवड्यांचाच फरक असावा. आयएसआयचं चिन्ह असल्याची खात्री करा. आणि भरलेली गाडी उभी असताना दोन टायरच्या फुगलेल्या कुशींमध्ये खालच्या बाजूला आडवा तळहात मोकळा सरकला पाहिजे. कुशी एकमेकींना चिकटत असतील तर घासून आतूनच जळतात.

एकाच जोडीत नायलॉन आणि रेडियल कधीच नको, एका ॲक्सलवरसुद्धा नको. दोघांची वागणूक वेगळी आहे. रेडियलची कुशी लवते, नायलॉनची ताठ राहते, म्हणजे भार नायलॉनवर जातो आणि घासणी दोघांची होते. मी शिकाऊ असताना एका दुकानाने एका गाडीवाल्याला "साइज एकच आहे" म्हणून अशी जोडी लावून दिली होती. चार महिन्यांत दोन्ही टायर वाया गेले आणि तो माणूस शेवटपर्यंत कंपनीलाच दोष देत राहिला. समजावून सांगायला तिथे कुणी नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नायलॉन की रेडियल? तुमच्या कामाला रेडियल. तुमची बहुतेक धाव डांबरी रस्त्यावर आहे, कोल्हापूर-रत्नागिरी एका बाजूनेच सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, आणि त्या धावेत नायलॉन तापतो. रेडियल कमी तापतो, डिझेल कमी खातो, नक्षी जास्त टिकते, केसिंग, म्हणजे नक्षीखालचा सांगाडा, सांभाळलं तर रिसोलला पुन्हा उभा राहतो. त्याची नाजूक जागा म्हणजे कुशी. चिरेखाणीत तुम्हाला तिची भीती वाटत असेल, पण जांभा मऊ दगड आहे, त्याच्या कडा टायरला सहसा कापत नाहीत. तुम्ही देशावरच्या क्रशरवर काळ्या दगडाची खडी ओढत असता तर माझं उत्तर वेगळं असतं. बेसाल्टची कपची सुरीसारखी असते, तिथे कमी अंतराच्या टिपरला मी आजही जाड कुशीचा नायलॉन लग सांगतो.

उसाच्या फडातली धसकटं मात्र खरी शत्रू आहेत. तोडलेल्या उसाचं तिरकं खोड वाळलं की खिळ्यासारखं होतं आणि ते नेमकं कुशीत घुसतं. म्हणून गाडी शक्यतो बांधावर किंवा पाणंदीत उभी करा, मोळ्या माणसांनी आणू दे. मुकादम कुरकुरेल, पण एक टायर वाचला तर ती कुरकुर परवडते. फडातून रस्त्याला लागलात की जोडीच्या फटीत दगड, ढेकूळ अडकलं नाही ना ते बघा. अडकलेला दगड दोन्ही कुशी एकदम फाडतो.

नक्षीबद्दल फार विचार करायची गरज नाही. मागे रेडियलमधली मिश्र वापराची नक्षी घ्या, जिला रस्ता आणि खाण दोन्हीसाठी म्हणतात, खोल आणि कडेला उघडी. खोल लग चिखलात ओढतो पण डांबरावर तापतो आणि उंचसखल झिजतो. पुढे सरळ रेघांचा रिबच ठेवा.

रिसोल आता नको, आणि कारण सोपं आहे. रिसोल केल्याने नक्षी नवी होते, कुवत वाढत नाही. तुमची जुनी १६ पीआर ची केसिंग रिसोलनंतरही १४३ चीच राहणार. शिवाय ती वर्षभर जास्त भाराखाली आणि कमी हवेत चाललेली आहेत, आतल्या तारा थकल्या असणार. एका जोडीत नवा आणि रिसोल तर मुळीच नको, घेर जुळणार नाही. पैसे कमी पडत असतील तर दोन महिने थांबा, वजन कमी भरा, पण चारही एकत्र घ्या. नवे १८ पीआर ३-४ मिलिमीटर नक्षी शिल्लक असतानाच काढून चौघे एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच पट्टीने कोल्ड रिसोलला द्या. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण तिथवर ओढलं की दगड पट्ट्यापर्यंत पोचतो आणि केसिंग हातचं जातं. पुढच्या चाकाला रिसोल कधीही लावू नका.

नव्या टायरबरोबर ट्यूब आणि फ्लॅप नवेच घ्या. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, तिला नव्या टायरमध्ये घडी पडते आणि घडीवर ती फाटते. ट्यूब रेडियलसाठीची आहे ना ते बघा, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

टायर बसवण्याच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. चाकाचे नट सैल करण्याआधी जोडीतल्या दोन्ही टायरची हवा पूर्ण काढली पाहिजे. फुटका रिम नटांनी धरून ठेवलेला असतो, नट सुटले की तो उडतो. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात असावं, आणि भरणारा रिंगेच्या समोर नसावा. मी विशीत होतो तेव्हा आमच्या शेजारच्या दुकानात लॉक रिंग उडाली. पिंजरा होता, तो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ज्या मुलाला लागली तो माझ्याच वयाचा होता, त्याचा उजवा हात कायमचा गेला. हवा कमी असताना चाललेला रेडियल पुन्हा भरतानाही असंच होतं, कुशीतल्या तुटलेल्या तारा एका रेषेत चेन उघडावी तशा उसवतात आणि दणका माणसाच्या अंगावर येतो. असा टायर आधी रिमवरून उतरवून आतून बघायचा, मगच भरायचा. पंक्चरवाला घाईत असेल तर तुम्ही घाई करू देऊ नका.

वजनाचं काय करायचं तेही सांगतो, कारण १८ पीआर लावूनही १२,२८० किलो मागे चालणार नाहीत. १८,४२० मधले ४२० किलो मागच्या बाजूने कमी करा. मग चिऱ्याच्या थप्प्या केबिनकडे सरकवा. व्हीलबेस पाच मीटर धरला तर एक टन माल एक मीटर पुढे सरकवल्यावर मागचं वजन २०० किलोनं घटतं आणि पुढचं तेवढंच वाढतं. तुम्हाला ३६० किलो हलवायचे आहेत, म्हणजे दोन टन माल साधारण ९० सेंटिमीटर पुढे. मग मागे ११,५०० आणि पुढे ६,५०० होतात. पण पुढच्या सध्याच्या १६ पीआर टायरची कुवत ६,००० च आहे आणि आजही त्यांच्यावर ६,१४० आहेत. म्हणून पुढचे दोन बदलेपर्यंत पुढे माल सरकवू नका. तोवर १७,५०० वर थांबा, मागे ११,५०० आणि पुढे ६,०००. पुढच्या खेपेला खाणीवर भरणाऱ्यांना थप्पी कुठून सुरू करायची ते फाळक्यावर रंगाने रेघ मारून दाखवा आणि पुन्हा काट्यावर चढवून बघा.

तेव्हा खरेदी अशी करा: आता मागे चार १० आर २०, १८ पीआर, १४९/१४६, मिश्र नक्षीचे रेडियल. जमेल तितक्या लवकर पुढे तसेच दोन, रिब नक्षीचे. वर्ष-दीड वर्षाने सहाही जाग्यांचा विचार येईल तेव्हा रिम कसे आहेत ते पाहून ट्यूबलेस २२.५ चा हिशेब मांडू.

राहिली स्टेपनी. तुमच्या जुन्या चारपैकी उजव्या बाजूचा बाहेरचा टायर बहुधा सगळ्यात कमी छळलेला असेल. तो उतरवून आतून बघा, ठीक असेल तर तोच स्टेपनीला ठेवा. तो १६ पीआर आहे आणि झिजलेला आहे, तेव्हा नव्या जोडीत लावावा लागला तर लहान म्हणून आत लावा, माल कमी करा आणि जवळच्या दुकानापर्यंतच जा. स्टेपनीच्या हवेची नोंदही त्याच वहीत ठेवा.